तिसऱ्या महिन्यातली कुरबुर

घरात कोणाला नवी नोकरी लागली की पहिला महिना आनंदाचा जातो. अम्मी शेजारी पेढे देऊन येते. मुलगी संध्याकाळी घरी आली की सांगते, माणसे चांगली आहेत, साहेब समजूतदार आहेत. दोन-तीन महिने उलटतात आणि सूर बदलतो. "माझं कोणी ऐकतच नाही." "सगळं काम माझ्याच माथी मारतात." "जुन्या बाई मला काही शिकवत नाहीत." मग घरात दोन तट पडतात. भाईजान म्हणतात, सोडून दे, दुसरी बघू. अब्बा म्हणतात, नोकरी आहे, तोंड मिटून कर. हे दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात, पण दोन्ही घाईचे असतात.

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने छोट्या गटांवर झालेले अनेकांचे अभ्यास एकत्र वाचले आणि १९६५ मध्ये त्यांतून चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात माणसे एकत्र येतात, जपून बोलतात, एकमेकांचा अंदाज घेतात. दुसऱ्यात खटके उडतात: कोणाचे काम कोणते, कोणाचा शब्द चालायचा, यावर. तिसऱ्यात घडी बसते, न लिहिलेले नियम ठरतात. चौथ्यात खरे काम वेगाने होऊ लागते. पुढे १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासोबत त्यांनी पाचवा टप्पा जोडला, गट विसर्जित होण्याचा. प्रत्येक गट याच क्रमाने जातो असे नाही. नवा माणूस आला किंवा साहेब बदलले की पुन्हा मागेही जावे लागते. तरी एक गोष्ट यातून कळते. तिसऱ्या महिन्यातली कुरबुर ही बहुतेक वेळा नोकरी वाईट असल्याची खूण नसते. जपून बोलणे संपून खरे बोलणे सुरू झाल्याची ती खूण असते. लग्नानंतर नव्या सुनेचे पाहुणेपण संपते आणि स्वयंपाकघरात पहिला खटका उडतो, तसेच हे.

पण नुसता वेळ गेला म्हणजे घडी बसते का? नाही. याचे चांगले उदाहरण अमेरिकेतल्या हृदयशस्त्रक्रियेचे आहे. तिथल्या १६ रुग्णालयांनी एक नवी पद्धत स्वीकारली. आधी छातीचे मधले हाड कापून हृदयापर्यंत पोहोचत. नव्या पद्धतीत बरगड्यांमधल्या लहान छेदातून काम करायचे आणि मुख्य रक्तवाहिनी आतून फुगा फुगवून बंद करायची होती. जुन्या पद्धतीत सर्जनला सगळे डोळ्यांसमोर दिसे. आता फुगा जागेवर आहे की सरकला, हे पडद्यावर पाहून भूलतज्ज्ञाने सांगायचे होते. नर्स आणि हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा तंत्रज्ञ यांनीही वेळेवर बोलणे गरजेचे झाले. कालपर्यंत हुकूम घेणाऱ्यांनी आज सर्जनला थांबवायचे होते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी या चमूंचा अभ्यास केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व चमूंना सारखेच प्रशिक्षण मिळाले होते. तरी काही झपाट्याने शिकले, काही अडखळतच राहिले. फरक सर्जनच्या अनुभवाने किंवा रुग्णालयाच्या नावाने पडला नव्हता. भराभर शिकलेल्या चमूंमध्ये सर्जनने माणसे विचारपूर्वक निवडली होती, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत तीच माणसे कायम ठेवली होती, आधी एकत्र रंगीत तालीम केली होती आणि झालेल्या कामावर नंतर बोलणे केले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे काम तुमच्याशिवाय मला जमणार नाही, असे त्यांनी सहकाऱ्यांना जाणवू दिले होते. जिथे नर्सला बोलायची भीती वाटत राहिली, तिथे दिवस गेले, पण शिकणे पुढे सरकले नाही.

म्हणून तोंड मिटून राहणे हाही उपाय नव्हे. बोलायचे, पण माणसावर नाही, कामावर. "तुम्ही मला शिकवत नाही" यापेक्षा "हे बिल कसे तपासायचे ते एकदा दाखवाल का? पुढचे मी करते" हे वाक्य जास्त काम करते. आपल्या गरजाही लवकर सांगाव्यात. शुक्रवारी जुम्म्यासाठी वेळ हवा असेल किंवा रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी पाळी बदलून हवी असेल, तर ऐनवेळी गायब होण्यापेक्षा आधीच सांगून, त्या बदल्यात आपण कोणती वेळ सांभाळू तेही सुचवावे. दिवाळीत सहकाऱ्याची पाळी आपण आपणहून घेतली, तर पुढच्या रमजानमध्ये मागायला संकोच वाटत नाही. घडी अशाच देवघेवीतून बसते.

मात्र एक भेद घरच्यांनी नीट ओळखायला हवा. कामावरून झालेला वाद वेगळा आणि अपमान वेगळा. धर्मावरून, पोशाखावरून रोजचे टोमणे, पगार अडवून ठेवणे, नको ती जवळीक, हा कोणताही टप्पा नाही आणि ते सोसून घडी बसत नाही. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. अशा वेळी मुलीला "तूच जमवून घे" म्हणणे म्हणजे तिला एकटे टाकणे.

म्हणून मुलगा किंवा मुलगी कुरकुरत घरी आली की सल्ला देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. वाद कामाचा आहे की माणुसकीचा? तू काय बोललीस, कोणाशी बोललीस? मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात काही सुधारले का? काम शिकायला मिळत असेल आणि थोडी जरी सुधारणा असेल, तर आणखी काही महिने थांबणे बहुतेकदा फायद्याचे ठरते. सगळे करूनही काहीच हलत नसेल, तर दुसरी नोकरी शोधण्यात कमीपणा नाही.

आणि आपल्यातल्या ज्यांचे दुकान, गॅरेज किंवा कारखाना आहे, हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी हाच विचार उलट बाजूने करावा. दर दोन महिन्यांनी पोरगा बदलला तर घडी कधीच बसणार नाही. आठवड्यातून एकदा चहा घेताना सर्वांना विचारावे, या आठवड्यात काय अडले? मग सर्वांत नव्या पोराला आधी बोलू द्यावे, आणि तो बोलेल तेव्हा त्याला मध्येच तोडू नये.