टीव्ही दिसतो छान, पण ऐकू येतो का?

टीव्हीच्या दुकानात आपण टीव्ही बघायला जातो. ऐकायला कोणी जात नाही आणि दुकानदारही ऐकवत नाही. भिंतीवर ओळीने दहा-बारा टीव्ही, सगळ्यांवर तेच मोर, तीच फुलं, तोच निळा समुद्र, आणि सगळ्यांचा आवाज बंद. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, गहू घेताना दाणा दाताखाली धरून बघतो. टीव्ही मात्र अर्धाच तपासून घरी आणतो.

आमच्या मुलचेऱ्याहून मोठा टीव्ही घ्यायला आलापल्ली, अहेरी नाहीतर थेट गडचिरोली-चंद्रपूर गाठावं लागतं. आता तर बरेच जण मोबाइलवरूनच मागवतात, म्हणजे बघण्याचाही प्रश्न मिटला. खोका उघडतो, टीव्ही भिंतीला टांगला जातो, शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जातात. आणि आठवड्याभरात घराघरांत एकच वाक्य सुरू होतं, "काय म्हणाला गं तो?"

हे वाक्य बहुतेक वेळा घरातलं सगळ्यांत मोठं माणूस बोलतं, आणि उत्तर ठरलेलं असतं, "आजी, तुम्हाला आता कमी ऐकू येतं." माझं मत असं आहे की या तक्रारीतला मोठा वाटा टीव्हीचा आहे. म्हातारी माणसं तो मुकाट्याने स्वतःच्या कानांवर घेतात, आणि आपण त्यांना घेऊ देतो.

आमच्या सासूबाई नव्वदीला टेकल्यात. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ओसरीवर बसून सांगतात. समोर बसून गप्पा मारा, एक शब्द सुटत नाही. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते आणि बातम्या, प्रवचन, एखादी मालिका हा त्यांचा हक्काचा वेळ. नवा टीव्ही आल्यावर महिनाभर त्यांनी दर दोन मिनिटांनी विचारलं. मग विचारणं थांबवलं. आता टीव्ही लागला की जपमाळ घेऊन आतल्या खोलीत जातात. पाहुणे म्हणतात, आजींना किती वैराग्य आलंय! वैराग्य कसलं? ज्या बाईने प्रत्येक निवडणुकीचा निकाल मतदारसंघासकट रात्री उशिरापर्यंत पाहिला, तिला निकालात रस उरला नाही असं मी तरी मानत नाही. तिला "काय म्हणाला" हे दहाव्यांदा विचारायचा संकोच वाटतो, एवढंच.

आता टीव्हीच्या आवाजाचं गणित बघू. जुना डबा टीव्ही आठवा. शटरवाला असेल तर उत्तमच, लाकडी कपाटासारखा, सरकती दारं आणि कुलूप. त्याला हातभर खोली लागायची, कारण आत काचेची पिक्चर ट्यूब असायची. त्या ट्यूबच्या कृपेने आवाजालाही जागा मिळायची. स्पीकर हवा ढकलून आवाज काढतो. त्याला थोडा आकार लागतो आणि मागे थोडी पोकळी लागते. शिवाय पुष्कळ टीव्हींत स्पीकर पडद्याच्या शेजारी, बटणांच्या खाली, तोंड आपल्याकडे करून बसवलेला असायचा. तो काही फार उंची नव्हता. बहुधा एकच असायचा, गाण्यातला तबला धड ऐकू यायचा नाही. पण माणूस बोलला की आपल्याशी बोलला.

चपट्या टीव्हीत ट्यूब गेली, तिच्याबरोबर खोली गेली, आणि पडद्याची चौकट बारीक करण्याच्या हौसेत समोरची जागाही गेली. आता बहुतेक टीव्हींत लहानसे स्पीकर खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून, नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. समोर चकचकीत चेहरा आणि बोलणं भिंतीशी! आपल्याशी असं कोणी बोललं तर आपण त्याला उद्धट म्हणू.

आता यात एक बारीक गोष्ट आहे. आवाजातला जाड, खर्जातला भाग चहूकडे पसरतो, कोपऱ्यातून वळूनही येतो. बारीक, तीक्ष्ण भाग सरळ रेषेत जातो. स्पीकरचं तोंड जिकडे, तिकडे. आणि बोलण्यातला अर्थ ज्यांच्यावर टांगलेला असतो ती व्यंजनं, स, श, फ, थ, ही या बारीक भागात येतात. 'आ' आणि 'ओ' भरपूर ऐकू येतात, पण 'साठ' होते की 'आठ' की 'पाठ', हे त्या पहिल्या अक्षरावर ठरतं. वयाबरोबर कानही आधी याच बारीक पट्टीत मंद होतात. म्हणजे म्हाताऱ्या कानाला जे आधीच कमी पडतं, तेच नेमकं नवा टीव्ही भिंतीवर आपटून वाया घालवतो. अशा वेळी आवाज ४० वर नेऊन काय होणार? 'आ' मोठा होतो, पार्श्वसंगीत मोठं होतं, 'स' तिथेच राहतो. सुनेचं डोकं मात्र दुखतं.

कार्यक्रमांचाही दोष आहेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे भक्ती बर्वे, स्मिता पाटील, पुढे प्रदीप भिडे बातम्या वाचायचे; शब्द न् शब्द सुटा. आता बातमीत चार जण एकदम बोलतात आणि खाली ढोल वाजत असतो. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी पाच-सहा वाटांनी सोडलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरसाठी राखलेले. घरच्या दोन चिमुकल्या स्पीकरांत तो सगळा कोंबला की संवाद गर्दीत हरवतात. वेबमालिकांतले नायक तर कुजबुजतातच, आणि मग एकदम गाडी उडते.

आता आमच्या भागाचं सांगते. टीव्ही बनवणाऱ्यांनी बहुधा गालिचा घातलेली, पडदे लावलेली, शांत बैठक डोळ्यांसमोर ठेवली असावी. इथे खाली फरशी, भिंती मोकळ्या, वर पुष्कळ घरांना पत्रे. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला पोहोचतो आणि कूलरशिवाय इलाज नसतो. कूलरची घरघर ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. तो बंद केला तर बातम्या कळतात, पण बातम्या ऐकणारा शिजतो!

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या भाषेत अर्धा शब्द सुटला तरी मन तो भरून काढतं. परक्या भाषेत तसं होत नाही. आमच्या तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. कोणाच्या घरी माडिया-गोंडी बोलतात, कोणाच्या घरी तेलुगू, आणि आमची मराठीही झाडीबोलीकडे झुकणारी. इथे हिंदी बातम्या किंवा पुण्या-मुंबईची मराठी मालिका ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण घराबाहेरची भाषा ऐकत असतो. त्याला तर प्रत्येक अक्षर हवं. हवामानाचा इशारा, सरकारी योजनेची शेवटची तारीख, धानाचा भाव, यात 'सात' आणि 'साठ' यांचा घोळ झाला तर ती करमणुकीची बाब राहत नाही.

जाहिरातींबद्दलही एक सांगायचंय. कार्यक्रम ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की जाहिरात किंचाळत येते, हा सगळ्यांचा अनुभव. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये सातव्या नियमात स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीचा आवाज अतिरेकी मोठा नसावा. पण अतिरेकी म्हणजे किती? मोजमाप नसलेला नियम म्हणजे वजन न लिहिलेली पिशवी. अमेरिकेने यासाठी २०१० मध्ये वेगळा कायदाच केला आणि जाहिरातीचा सरासरी आवाज कार्यक्रमाहून जास्त नको असं मापच घालून दिलं. आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं काढली, खाली मजकूर दाखवणं, खुणांच्या भाषेत दाखवणं वगैरे. आमच्या पडद्यावर अजून एकाही मराठी मालिकेखाली मराठी ओळ उमटलेली मी पाहिलेली नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे हिशेब डोक्यातून जात नाही. एक काळ असा होता की टीव्ही आवाजावर विकला जायचा. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा 'बझूम्बा', ओनिडाचा 'केवाय थंडर', नावातच दणका. जाहिरातीत पीएमपीओ नावाचे फुगवलेले आकडे असायचे, ताळेबंद सजवतात तसे, पण निदान आवाज हा टीव्हीचा भाग आहे हे सगळ्यांना मान्य होतं. आता तक्रार केली की दुकानदार हसून म्हणतो, "काकू, साउंडबार घ्या ना." चार-पाच हजारांपासून पुढे. टीव्ही स्वस्त झाले हे खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्के झाला. चित्राबद्दल माझी काडीची तक्रार नाही. वजनाला हलका, पुसायला सोपा. पण गाडी विकून चाकं वेगळी घ्यायला सांगितली तर ग्राहक भांडेल. इथे कोणी भांडत नाही, कारण ज्याला त्रास होतो त्याला वाटतं, दोष माझ्या कानांचा आहे.

रिमोटचं तर विचारूच नका. एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा. टीव्हीच्या रिमोटवर आकडे नाहीत, पण ज्या ॲपचे आम्ही पैसे भरत नाही त्यांची चार मोठी बटणं आहेत. आमच्याकडे वीज जाते-येते. पूर्वी वीज आली, बटण दाबलं की बातम्या पुढे सुरू. आता वीज आली की टीव्ही आधी स्वतः जागा होतो, मग सिनेमांच्या जाहिरातींचं पान दाखवतो, आणि चॅनलवर परत यायला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. घरात लहान मूल नसेल तर म्हातारं माणूस त्या पानासमोर बसून राहतं. बोलून आज्ञा द्यायचं बटण आहे म्हणतात. झाडीबोलीत सांगून बघा, भलतंच काहीतरी लावतो.

मैत्रिणींनो, लगेच काही विकत घेण्याआधी घरातच थोडं करता येतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' किंवा 'न्यूज' असं काही असेल तर ते लावा, 'सराउंड' बंद करा, बास कमी आणि ट्रेबल जास्त. 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर जाहिरातींचा दणका थोडा बसतो. टीव्ही भिंतीऐवजी टेबलावर ठेवला तर खाली तोंड असलेल्या स्पीकरचा आवाज लाकडावरून आपल्याकडे उडतो; आमच्याकडे याने बराच फरक पडला. कॉम्प्युटरचे जुने दोन स्पीकर माळ्यावर असतील तर टीव्हीला हेडफोनचं भोक आहे का बघा. असेल तर ते जोडून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खुर्चीशेजारी ठेवा. खोलीभर आरडाओरडा नको, त्यांच्या कानापाशी बेताचा आवाज पुरतो. कानांची तपासणीही करून घ्यावीच, पण टीव्हीची तपासणी झाल्यावर. पुढचा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला मोर बंद करून मराठी बातम्या लावायला सांगा आणि दहा पावलं मागे उभ्या राहून ऐका.

आणि रिमोटवर जी तीन बटणं खरंच लागतात, चालू-बंद, आवाज वाढवायचं आणि बॉक्सकडे जायचं, त्यांवर एकेक टिकली चिकटवा. तीन रंगांच्या. सासूबाईंना लाल, हिरवी, पिवळी पाठ व्हायला एक संध्याकाळ लागली.