‘व्हाया’ कशासाठी?

राजेगावाहून नागपूरला निघालेला आमचा नातू सांगतो, ‘‘आम्ही व्हाया गोंदिया जाऊ.’’ घरची वडीलधारी मंडळीही आता तसेच बोलतात. काही फलकांवर तर ‘वाया’ असे लिहिलेले असते. मराठी वाचकास त्याचा निराळाच अर्थ लागावा! परभाषेतील शब्दांचे आम्हांस वावडे नाही. तरीही या शब्दास आमचा विरोध आहे, आणि त्याचे कारण सोवळेपणा नव्हे.

‘व्हिया’ म्हणजे लॅटिनमध्ये रस्ता. इ.स.पू. ३१२ मध्ये रोमहून दक्षिणेकडे बांधावयास घेतलेला ‘व्हिया अप्पिया’ प्रसिद्धच आहे. या नामाचे ‘रस्त्याने’ अशा अर्थाचे विभक्तिरूप इंग्रजीने अठराव्या शतकात उचलले व त्याचे अव्यय केले. इंग्रजीने जे उसनवारीने साधले, ते मराठीने ‘मार्ग’ या नामापासून ‘मार्गे’ करून घरच्या घरी साधले आहे.

कोणी म्हणेल, ‘मार्फत’ आणि ‘खेरीज’ हेही मूळचे अरबीच ना? होय; परंतु ते मराठीचे नियम पाळून राहिले. ते नामामागून चालतात आणि नामास सामान्यरूप घेऊ देतात : ‘भाच्यामार्फत’, ‘मुलांखेरीज’. ‘व्हाया’ मात्र नामाच्या आधी येऊन उभा राहतो. शिवाय आपण गोंदियामार्गे जातो, टपालाने पत्र पाठवितो, भाच्यामार्फत निरोप धाडतो. हे तिन्ही संबंध इंग्रजीत एकट्या ‘व्हाया’च्या पोटात मावतात. मराठीने जपलेला हा भेद आपण का गमवावा?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी. आम्हीही शासकीय सेवेत जन्मभर हिंदीतच टिपणे लिहिली. त्याची खंत नाही. परंतु त्यामुळे आपल्या मुलांना मराठीची शाळा उरली ती घराचीच. ‘स्टेशन’, ‘तिकीट’ अशी नामे घेतल्याने मराठीचे काही बिघडले नाही. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये हे मात्र भाषेचे सांधे आहेत. ते निखळले, तर सारे शब्द मराठी असूनही वाक्य मराठी राहणार नाही.

तेव्हा दोष शाळेला वा शासनाला न देता आपण आपल्याच ओसरीवर एवढे करावे : नातू ‘व्हाया गोंदिया’ म्हणाला, की न रागावता ‘गोंदियामार्गे’ म्हणावे, आणि पुढच्या खेपेस आपणही विसरू नये.