वरणाचं पाणी नको, वरण भरवा!

वालीवच्या चाळींतून फिरताना हमखास ऐकू येतं, "ताई, बाळ सारखं प्यायला मागतं, दूध पुरत नाही." की चौथ्याच महिन्यात डब्याची पावडर सुरू! 1992 च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, ती उगाच नाही. मैत्रिणींनो, बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. वजन वाढतंय ना, ते अंगणवाडीत बघा. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको.

सातवा लागला की मात्र नुसत्या वरणाच्या पाण्याने भागत नाही. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. मऊ खिमट, घोटलेलं वरण-भात, वर थोडं तूप. चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट. अंगावरचं दोन वर्षं चालू राहू दे. गाळ्यावर कामाला जाणाऱ्या आईला हे एकटीला कसं जमावं? वाटी-चमचा सासूबाईंनी आणि बाळाच्या बाबांनीही हातात घ्यायला हवा!