गृहिणींचें पान : पाण्यांत सोडलेलें अंडें

अंड्याचें नांव या पानावर पाहून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २७ वा अध्याय अवश्य पाहावा. कोंबडीचें अंडें खोकला, हृद्रोग व क्षत यांत हितकर असल्याचें तेथें सांगितलें आहे. ज्यांस तें वर्ज्य, त्यांनीं तें खुशाल वर्ज्य करावें. परंतु दुखण्यांतून उठलेल्या माणसास डॉक्टरांनीं तें सांगितलें असतां, घरांतील संकोचापायीं त्यास तें कसेंबसें केलेलें मिळावें, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. पातेलें व झारा निराळा ठेवावा, म्हणजे कोणाच्याच आचारास बाध येत नाहीं.

तेलतुपाचा थेंबहि न लागणारा प्रकार म्हणजे गरम पाण्यांत फोडून सोडलेलें अंडें. तो साहेबी म्हणून बिचकूं नये. शिजत्या रश्शांत अंडें फोडून सोडण्याची चाल महाराष्ट्रांतील अनेक घरांत आहेच.

पुष्कळदां पांढरा भाग पाण्यांत पसरून त्याच्या चिंध्या होतात, आणि बोल लागतो तो करणारीच्या हाताला. खरा दोष बहुधा अंड्याच्या शिळेपणाचा असतो. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व पांढरा भाग पातळ होतो. उष्णतेनें हें लवकर घडतें. सोलापुरांत तर वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे चढतो. म्हणून नव्या पेठेंतून अंडीं आणावयाचीं तीं सकाळच्या थंड वेळीं, आणि लागतील तेवढींच. थंड पाण्यांत आडवें पडेल तें ताजें. उभें राहील तें जुनें, तें कवचासकट उकडावें. तरंगेल तें टाकावें.

पातेल्यांत चार बोटें पाणी घेऊन त्यांत चमचाभर लिंबाचा रस पिळावा. आंबटानें पांढरा भाग लवकर धरतो. पाण्यास उकळी आली कीं आंच मंद करावी. पांढरा भाग ६० अंशांच्या पुढेंच धरूं लागतो. खळखळतें पाणी अंडें फाडतें मात्र. अंडें गाळणींत फोडून पातळ अंश गळूं द्यावा, उरलेलें वाटींत घ्यावें व वाटी पाण्यास टेकवून अलगद सोडावें. तीन-चार मिनिटांत पांढरा भाग धरतो व बलक मऊ राहतो. परंतु आजारी, गर्भवती, वृद्ध व लहान मुलें यांच्याकरितां बलकहि घट्ट होऊं द्यावा. कच्च्या बलकांत साल्मोनेला जंतु असूं शकतात. झाऱ्यानें काढून स्वच्छ फडक्यावर निथळावें, वर मीठ व मिरपूड घालावी. निरोगी माणसानें सोबत भाकरी व शेंगांची चटणी घ्यावी.

सूनबाईच्या हाताला नांव ठेवण्यापूर्वीं अंडें थंड पाण्यांत टाकून पाहावें, इतकीच सासूबाईंस आमची विनंती आहे.