मॉडेलचं साल आणि हळदीचा पैसा

मंडळी, जुनी डिझेल पिकअप घ्यायची म्हटली की आमच्या हिंगोलीकडे एकच जप: "२०१९चंच मॉडेल पाहिजे!" का, तर १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, त्याआधीची गाडी गावातला मिस्त्रीही उघडतो. कबूल. शेत ते वसमतचा मोंढा अशा जवळच्या फेऱ्यांत बीएस-६चा काजळीचा फिल्टर तुंबू शकतो, हेही कबूल. पण म्हणून विटा वाहून चेसिस वाकलेल्या गाडीला निव्वळ सालापायी जास्तीचे पैसे? शुद्ध अडाणीपणा! आरसीवर बनावटीचा महिना वेगळा लिहिलेला असतो, तो वाचतं कोण? आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी. तिथे सालाची शेखी चालत नाही, ब्रेक लागावे लागतात. भाचेबुवा, वर्षभराच्या हळदीचा पैसा आहे. खाली वाकून पाटे आणि वेल्डिंगच्या खुणा बघा. मिस्त्री आपला न्या, दलालाचा नको.