उपदेशाला रचनेची जोड हवी

प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी बोलताना माणसाच्या बेफिकिरीला दोष देण्याची प्रथा आहे. आमच्या मते दोष अंशतः रचनेचाही आहे.

शनिशिंगणापूरला जाणाऱ्या असंख्य भाविकांची वाट सोनईवरून जाते. शनी अमावास्येला गर्दी वाढते आणि रिकाम्या बाटल्या, वेष्टने वाऱ्याबरोबर उसाच्या बांधांपर्यंत पोहोचतात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. परंतु पाण्याची बाटली आणि खाऊचे वेष्टन त्या यादीत नाही. जे बंद झालेले नाही ते योग्य ठिकाणी परत कसे जाईल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर केदारनाथच्या यात्रेत शोधले गेले. २०२२ साली तेथे बाटलीवर क्यूआर कोड लावून १० रुपये अनामत घेण्याची पद्धत सुरू झाली. बाटली परत दिली की रक्कम परत मिळते. अशा बाटलीला मोल येते. एकाने टाकली तरी दुसरा ती उचलतो.

लहानसहान रचनाही उपयोगी पडतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता जोडलेला ठेवला, तर तो चिमुकला तुकडा हरवत नाही. कचरापेटी बसथांब्यापाशी, चहाच्या टपरीपाशी, म्हणजे बाटली जेथे रिकामी होते तेथे असावी. तिचे तोंड बाटलीपुरतेच गोल असावे, म्हणजे उष्टे अन्न त्यात पडणार नाही. आणि पेटीतील माल ठरल्या दिवशी भंगारवाल्याकडे जावा. अन्यथा तो गावाबाहेर जाळला जाईल.

कोणी म्हणेल, संस्कार हवेत, युक्त्या नकोत. विनयपिटकात मात्र हे दोन्ही एकत्र नांदतात. इतक्या चीवरांचे काय करणार, असे उदेन राजाने विचारले, तेव्हा आनंद स्थविरांनी उत्तर दिले, ते चुल्लवग्गात आहे. जीर्ण चीवरांची पांघरुणे, त्यांची पुढे गादीची आच्छादने, मग जमिनीवरील अंथरणे, पायपुसणी, झटकणी. शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपायची. प्रत्येक वस्तूचा पुढचा मुक्काम आधीच ठरलेला होता.

आमच्या विद्यार्थ्यांनी सोनईत हीच दृष्टी आणावी. आठवडाभर कोणता कचरा कोठे पडतो याची नोंद करावी आणि मगच पेटीची जागा ठरवावी. सम्यक कर्मान्त इतरांसाठी सोपा करून देणे, हीदेखील करुणाच होय.