पाढा म्हणता येतो, पण सांगता येत नाही

"बाई, हिचे पंधरापर्यंतचे पाढे पाठ आहेत," एका आईनं वर्गाच्या दारात मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मुलगी दुसरीत. तिनं खरोखरच सातचा पाढा एका दमात म्हटला, कुठंही न अडखळता. मग मी विचारलं, "सात आठे?" ती थांबली. ओठ हलायला लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... एकेक पायरी चढत ती वर गेली आणि म्हणाली, "छप्पन." "छान. आणि आठ साते?" पुन्हा ओठ हलू लागले. आता ती आठच्या पाढ्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी होती.

त्या आईनं काही कमी केलं नव्हतं. रोज दिवेलागणीला ती मुलीला जवळ घेऊन बसायची. आपल्या घरांतून परवचा जवळजवळ गेलाच आहे, तरी तिनं तो टिकवला होता. पण ओळीनं म्हटलेला पाढा हा सूर असतो. त्यातला मधलाच एक आकडा सुटा काढून हातात ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि गणित करताना मुलाला नेमकी तीच लागते. तेवीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढल्यानंतर पालकांना माझं एकच सांगणं आहे. पाठांतर हवंच, पण ते सगळ्यात शेवटी येऊ द्या. आधी ती संख्या मुलाच्या हाताला लागू द्या.

ही लहानसहान उत्तरं चटकन यायला हवीत, याचं कारण पुढं तिसरी-चौथीत कळतं. अठ्ठेचाळीस अधिक सव्वीस करायला बसलेलं मूल आठ आणि सहा बोटांवर मोजत राहिलं, तर चौदा येईपर्यंत हातचा विसरून जातं. मग आपण म्हणतो, याला हातच्याची बेरीज येत नाही. त्याला हातचा कळलेला असतो, पण सगळं लक्ष मोजण्यातच संपून जातं.

सुरुवात दहापासून करा. पहिलीतल्या मुलाला शंभरपर्यंत अंक लिहायला लावण्यापेक्षा दहाच्या जोड्या पक्क्या करून घ्या. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच, बस. जोड्या फक्त पाच आहेत, पण पुढची निम्मी बेरीज त्यांच्यावरच उभी राहते.

माझा भाचा पहिलीत असताना आम्ही हे अंड्यांच्या ट्रेवर केलं. दुकानातला तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला आणि त्यातून पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळी कापल्या. असे दोन तुकडे केले आणि एक डबाभर चिंचोके घेतले. (घरात अंडी येत नसतील, तर फरशीवर खडूनं चौकोन आखले तरी चालतं.) एका तुकड्यात त्यानं आठ चिंचोके ठेवले, दुसऱ्यात सहा.

"किती झाले?"

तो एकापासून मोजायला लागला. मी त्याला मोजू दिलं. चौदा आले. मग विचारलं, "या पहिल्या ट्रेत किती जागा रिकाम्या आहेत?"

"दोन."

"भरून टाक की."

त्यानं दुसऱ्या ट्रेतले दोन उचलले आणि पहिला भरला. तिकडं चार उरले. तो बघत राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आत्या, हे दहा आणि हे चार. चौदाच!" त्या 'चौदाच'मधला 'च' मला अजून ऐकू येतो. मोजून आलेलं उत्तर आणि न मोजता दिसलेलं उत्तर एकच निघालं, याचं त्याला नवल वाटलं होतं. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही नऊ आणि पाच, आठ आणि पाच, सात आणि सहा हेच खेळलो. पुढं चिंचोके बाजूला ठेवून नुसत्या रिकाम्या ट्रेकडं बघून तो उत्तर सांगू लागला. मग ट्रेही लागेना.

मूल बोटांवर मोजत असेल तर हात धरू नका. बोटं ही त्याची पहिली पाटी आहे. गरज संपली की ती आपोआप सुटतात, आणि लवकर सोडवली तर मूल टेबलाखाली लपवून मोजायला लागतं. आपल्या आज्ज्या जप मोजतात तो पेरांवर. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं असतात, म्हणजे एका हातावर बारा. तीनचा पाढा हातावरच आहे: एका बोटाची तीन, दोन बोटांची सहा, तीन बोटांची नऊ, चार बोटांची बारा. हे मुलाला एकदा दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

आपल्या भाषेतली एक अडचणही पालकांनी समजून घ्यायला हवी. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो. म्हणून पंचवीस सांगितलं की मूल 52 लिहितं. तो निष्काळजीपणा नसतो. मूल कानाशी प्रामाणिक असतं, एवढंच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशाही पद्धतीनं वाचायला दिल्या होत्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही अडचण येते हे त्यांचं म्हणणं होतं. मला स्वतःला एकवीस, बावीस, त्रेपन्न हे शब्द जायला नको आहेत. पण घरी दोन्ही म्हणा, त्यानं भाषा बुडत नाही. "त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन." एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे मुलाला एकदा उलगडून सांगा. आपल्या भाषेनं त्या शब्दातच वजाबाकी करून ठेवली आहे, आणि ती कळल्यावर मूल एकोणऐंशीला घाबरत नाही.

आता पाढे. वीसपर्यंत, तीसपर्यंत पाढे पाठ करून घेण्याचा सोस असतो. आलेल्या पाहुण्यांसमोर ते म्हणायलाही लावतात. माझं मत स्पष्ट आहे: दहापर्यंतचे पाढे कुठूनही विचारले तरी आले पाहिजेत, त्यापुढचे आले तर चांगलंच. आणि दहापर्यंतचे म्हणजे तरी किती? एक आणि दहाचे सोडून द्या, ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. सात आठे आणि आठ साते एकच, हे मुलाला पटलं की दोन ते नऊमधले गुणाकार उरतात छत्तीस. बेचा पाढा म्हणजे दुप्पट, पाचचा घड्याळाच्या मिनिटकाट्यावर असतो. नऊचा तर सोपा आहे. नऊ साते म्हणजे सत्तरातून सात काढायचे, त्रेसष्ट. चारचा म्हणजे दुपटीची दुप्पट. एवढं बाजूला केलं की खरोखर घोटून घ्यायचे गुणाकार राहतात दहा: तीन त्रिक, तीन सक, तीन साते, तीन आठे, सहा सक, सहा साते, सहा आठे, सात साते, सात आठे, आठ आठे. इतकेच दहा. भिंतीवर पाढ्यांचा भलामोठा तक्ता बघून मूल दबून जातं. त्याला हे दहा दाखवा आणि सांगा, एवढेच राहिलेत.

सात आठे आमच्याकडं रांगोळीच्या ठिपक्यांनी बसले. मुलांना आठ ओळी घालायला सांगितल्या, प्रत्येक ओळीत सात ठिपके. मग मधे एक उभी रेघ, डावीकडं पाच-पाच ठिपके, उजवीकडं दोन-दोन. डावीकडचे आठ पंचे चाळीस, उजवीकडचे आठ दुणे सोळा. चाळीस आणि सोळा छप्पन. त्यानंतर तीच रांगोळी शेजारच्या बाजूनं बघितली की सात ओळी आणि आठ ठिपके, पण ठिपके तेवढेच. रांगोळी नको असेल तर चौकटीच्या वहीवर करा. उत्तर विसरलं तर ते पुन्हा कसं काढायचं, हे आता मुलाला माहीत असतं, आणि ज्याला ते माहीत असतं ते मूल घाबरत नाही. मग खुशाल घोटून घ्या. जिन्यावरून उतरताना, वेणी घालताना, बसची वाट बघताना एखादा गुणाकार विचारा, मात्र सरळ ओळीनं विचारू नका. आज सहा साते, उद्या तीन आठे, परवा पुन्हा सहा साते.

वजाबाकीसाठी वाण्याकडून शिकण्यासारखं आहे. सदतीस रुपयांच्या सामानाला पन्नासाची नोट दिली, तर जुना वाणी पन्नासातून सदतीस वजा करत बसायचा नाही. तीन रुपये ठेवत म्हणायचा "चाळीस", दहाची नोट ठेवत म्हणायचा "पन्नास". परत आले तेरा. वजाबाकी म्हणजे खालून वर चढणंही असतं, हे मुलं यातून सहज शिकायची. आता आपण मोबाइल पुढं करून पैसे देतो. मुलाला सुटे पैसे दिसतच नाहीत, आणि त्यात त्याचं खरंच नुकसान आहे. एका डब्यात शे-दीडशे रुपयांची नाणी आणि लहान नोटा ठेवा. आठवड्यातून दोनदा कोथिंबीर, लिंबं, ब्रेड असलं काहीतरी आणायला मुलाला त्यातूनच पैसे द्या आणि परत काय मिळणार ते निघण्याआधी विचारा. पाव किलो, दीड किलो, अडीचशे ग्रॅम हेही तिथंच कळतं. पावकी-दिडकी आज घोकायला नको, पण दीड आणि अडीच म्हणजे किती हे ठाऊक नसलेली पाचवीतली मुलं मी बघितली आहेत.

मात्र नुसत्या व्यवहारावर सोडूनही चालत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 साली 'नेचर'मध्ये आला आहे. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब मनातल्या मनात अचूक करायची, पण शाळेत घालतात तशी गणितं कागदावर दिली की अडायची. शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलटं, त्यांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्हीकडं मुलं हुशारच होती, फक्त मधला पूल कुणी बांधला नव्हता. तो घरी बांधता येतो. बाजारातून आल्यावर पिशवी ठेवायची आणि पाटीवर 50 – 37 = 13 असं लिहून म्हणायचं, "तू आत्ता केलंस ना, ते असं लिहितात."

तिसरी-चौथीच्या मुलाला वजाबाकीचा कंटाळा येत असेल, तर देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा खेळ द्या. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवायचे, आणि त्यांनी शोधलेली 6174 ही संख्या जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा. आलेल्या अंकांचं पुन्हा तेच. समजा 3, 5, 2, 4 घेतले: 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. फार तर सात वजाबाक्यांत तिथं पोचतोच. न पोचलो तर कुठंतरी चुकलंय, हे मुलाला आपोआप कळतं आणि आपल्याला लाल पेन हातात घ्यावा लागत नाही.

रोज दहा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. मूल दमून आलेलं असेल, भुकेलं असेल, तर त्या दिवशी सोडून द्या. घड्याळ लावून, बहिणीशी शर्यत लावून विचारू नका, कारण भीती बसली की येत असलेलंही जिभेवर येत नाही. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत आपण गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, मलाही जायचं. उत्तर चुकलं तर "चूक" म्हणण्याआधी "कसं काढलंस रे?" असं विचारा. निम्म्या वेळा सांगता सांगता मूल स्वतःच सुधारतं, आणि उरलेल्या वेळा त्याचं नेमकं कुठं अडतं ते आपल्याला कळतं. आणि एक कळवळून सांगते. "याला गणितात डोकंच नाही", "मलाही कधी जमलं नाही, माझ्यावरच गेलाय" ही वाक्यं मुलासमोर उच्चारू नका. सहा वर्षांचं मूल आईबापाचा शब्द खोटा मानत नाही.

इंग्रजी माध्यमातली मुलं शाळेत 'सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स' म्हणतात आणि घरी आजी 'सात आठे छप्पन' म्हणायला लावते. तिकडं परदेशात वाढणाऱ्या नातवंडांचंही तेच. ज्या भाषेत मूल शाळेत गणित करतं, त्या भाषेत ते दहा गुणाकार आधी पक्के होऊ द्या. मराठी संख्या बाजारात, पत्त्यांत, सापशिडीत, गणपतीच्या एकवीस मोदकांत येऊ देत. दोन्ही एकदम लादल्या तर दोन्ही कच्च्या राहतात.

शेवटी शाळेची वही एकदा नीट उघडून बघा. हातचा ते कुठं लिहितात, वजाबाकीत दशक सुटा करताना काय म्हणतात, हे बाईंना जाऊन विचारा. आपण शिकलो ती रीत वेगळी असू शकते. घरी एक आणि शाळेत दुसरी झाली की मूल दोन्हींची सरमिसळ करतं आणि दोन्हीकडं बोलणी खातं. निदान चौथीपर्यंत शाळेचीच रीत घरी ठेवा, आणि चिंचोक्यांचा डबा मुलाचा हात पोचेल अशा फळीवर असू द्या.